भारताकडून न खेळलेल्या खेळाडूला मोठा कोच होता येतं का? खालिद जमील यांच्या वाटचालीवरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) वरिष्ठ गटात खेळणारा सत्तावीस वर्षांचा एक मिडफिल्डर विचारतोय: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पूर्वीसारखं पळता येत नाही, पण फुटबॉल सोडायचा नाही, कोच व्हायचंय. खालिद जमील आधी खेळाडू होते, मग भारताच्या फुटबॉल संघाचे कोच झाले, ते नेमके कसे? त्यासाठी आधी देशाकडून खेळलेलं असावं लागतं का? आणि अजून दोन हंगाम खेळावं, की आत्ताच कोचिंगला लागावं?

मी मुंबईत बरीच वर्षं कोचिंग करतोय, शाळांच्या पोरांपासून मुंबईच्या जिल्हा लीगमधल्या (एमडीएफए) वरिष्ठ संघांपर्यंत. वयाने तू बराच लहान आहेस, म्हणून अरे-तुरेच करतो.

देशाकडून खेळलेलं असलं तर उपयोग होतो, पण ती अट नाही. जमील भारताकडून खेळले आहेत हे खरं. तरी २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला तो त्या सामन्यांमुळे नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळे मिझोरमच्या आयझॉल एफसीने २०१७ मध्ये त्यांच्या हाताखाली मिळवलेल्या आय-लीग विजेतेपदापासून सुरुवात करतात. ते विजेतेपद सांगण्यासारखंच आहे, पण माझ्या मते हा कोच घडला त्याआधी, मुंबई एफसी या क्लबात, सात हंगाम कमी साधनांवर झगडताना. तुझ्यासारख्याने अभ्यास करायचा तो त्या सात हंगामांचा.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला, भारतीय कुटुंबातला. आखाती युद्धानंतर ते भारतात आले आणि त्यांचं फुटबॉल मुंबईत रुजलं. तेव्हाचं मुंबईचं फुटबॉल म्हणजे ऑफिसांचे संघ: महिंद्रा, एअर इंडिया, ओएनजीसी, भारत पेट्रोलियम, आरसीएफ, रेल्वे, बँका. खेळाडूला पगार असे, काहींना कायमची नोकरी मिळे, आणि संध्याकाळी कुपरेज मैदानावर सामना. जमील महिंद्राकडून आणि एअर इंडियाकडून खेळले. जागा मधल्या फळीत. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांनी बोलावलं तेव्हा, त्या क्लबांचे प्रायोजक मद्य कंपन्या आहेत म्हणून त्यांनी नकार दिला, हे त्या काळी पुष्कळ छापून आलं होतं. कोलकात्याला नाही म्हणणं म्हणजे पैशाला आणि प्रसिद्धीला नाही म्हणणं. हा माणूस एकदा ठरवलं की हलत नाही, हे पुढे त्याच्या संघनिवडीतही दिसतं.

महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. कोच होते गोव्याचे डेरिक परेरा, तेही भारताकडून खेळलेले बचावपटू. जमील त्या काळात महिंद्रात होते, पण दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. २००७ मध्ये मुंबई एफसी हा नवा क्लब उभा राहिला, जमील तिथे गेले, आणि तिथेही खेळण्यापेक्षा बाहेर बसणंच जास्त झालं. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट बाजूला ठेवले आणि त्याच क्लबचे मुख्य कोच झाले.

इथे खेळाडू असण्याचा फायदा दिसतो, आणि त्याची मर्यादाही. ड्रेसिंग रूममधल्या पोरांनी त्यांना मैदानात पाहिलेलं होतं, शब्दाला वजन होतं. मालकांना माणूस माहीत होता. पण अशी पहिली संधी मिळालेले माजी खेळाडू मी बरेच पाहिलेत आणि त्यातले बहुतेक दोन-तीन वर्षांत बाजूला पडले. जे खेळाडू म्हणून आपल्याला सहज जमत होतं ते समोरच्याला का जमत नाही, हे त्यांना कळत नाही. मग ते ओरडतात. जमील मधल्या फळीतले कष्टाळू खेळाडू होते आणि त्यातच वारंवार जखमी. माझा अनुभव असा की असे खेळाडू कोच म्हणून जास्त टिकतात, कारण खेळात काय अवघड आहे हे त्यांना स्वतःच्या शरीराने शिकवलेलं असतं.

त्या काळात आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या लीगमध्ये, समोर कोण होतं ते आठव. गोव्याचे डेम्पो, चर्चिल, साळगावकर. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. डेम्पोने आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली पाच वेळा देशाची लीग जिंकली. मुंबई एफसीकडे तेवढा पैसा नव्हता, तेवढे प्रेक्षक नव्हते, आणि हक्काचं मैदानही कायम नव्हतं. कुपरेजचं काम निघालं की घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. घरचा सामना खेळायलाही संघ एक्स्प्रेस-वेने जायचा. अशा संघाचं ध्येय एकच असतं, खालच्या गटात न घसरणं. आणि जमील यांच्या सातही हंगामांत मुंबई एफसी घसरली नाही.

हे कसं करतात? बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘बचावात्मक खेळतात.’ ते इतकं सोपं नसतं. चार बचावपटू आणि चार मिडफिल्डर अशा दोन ओळी लावल्या, की सगळं काम त्या दोन ओळींमधल्या अंतराचं असतं. चेंडू उजवीकडे गेला की आठही जणांनी एकाच वेळी उजवीकडे सरकायचं. एक जण दोन पावलं उशिरा निघाला की तिथून पास आत येतो. हे सरावात शंभरदा करावं लागतं, आणि खेळाडूंना ते अतिशय कंटाळवाणं वाटतं, कारण पायात चेंडू नसतो. तो कंटाळा रोज मोडून काढणं हेच या पद्धतीतलं खरं कोचिंग. मग येतात सेट-पीस: कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो-इन. ज्या संघाला चालत्या खेळात दोन संधी मिळतात, त्याने थांबलेल्या चेंडूवर आणखी दोन तयार करायच्या. जमील यांचा कुठलाही संघ बघ, थ्रो-इन घ्यायला कोण जातो आणि गोलसमोरच्या पेटीत (पेनल्टी बॉक्समध्ये) कोण कुठे उभा राहतो हे आधीच ठरलेलं दिसेल.

तिसरी गोष्ट खेळाडूंची. मोठ्या नावांना पैसे नाहीत, तर मुंबईतलीच पोरं उचलायची. राहुल भेके, जयेश राणे, आशुतोष मेहता ही नावं मुंबई एफसीतून पुढे आली. भेके आज भारताचा अनुभवी बचावपटू आहे. गाव-शहराच्या लीगमध्ये कोण आहे हे स्वतः मैदानावर जाऊन पाहणारा कोचच असे खेळाडू शोधतो. तू कोल्हापूरचा आहेस, तुला हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या तुमच्याकडच्या संघांच्या सामन्याला जी गर्दी होते ती देशात फार कमी ठिकाणी दिसते. पण त्या गर्दीतून राष्ट्रीय पातळीवर पोचणारे खेळाडू कमी आहेत, आणि माझ्या मते त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथे तालमीचा अभिमान जितका आहे तितकं शिकलेलं कोचिंग नाही.

२०१६ मध्ये जमील मुंबई एफसीतून बाहेर पडले आणि मिझोरमच्या आयझॉल एफसीत गेले. हा क्लब त्याआधीच्या हंगामात आय-लीगमधून घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, म्हणून रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला परत घेतलं गेलं. म्हणजे ज्या हंगामात खेळण्याचा हक्कच मुळात गेलेला होता, त्या हंगामात आयझॉल विजेता झाला. दहा संघ, अठरा सामने, आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. एका गुणाचा फरक. २२ एप्रिल २०१७ ला आयझॉलमध्ये बागानविरुद्ध झोमिंगलियाना राल्तेने शेवटच्या काही मिनिटांत हेडरने गोल केला, १-०. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. लाजोंगने सुरुवातीलाच गोल केला, दुसऱ्या सत्रात विल्यम लालनुन्फेलाने तो फेडला, १-१. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याच हंगामात जमील नसलेली मुंबई एफसी शेवटच्या जागेवर राहिली, घसरली आणि पुढे बंदच पडली. मुंबईकर म्हणून मला याचं आजही वाईट वाटतं.

त्या आयझॉल संघात कोण होतं ते बघ. राणे आणि मेहता मुंबई एफसीतून जमील यांच्यामागे गेले. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. आणि बाजूंना वाऱ्यासारखी पळणारी मिझो पोरं. बचावाचा सांगाडा मुंबईत सात वर्षं घोटलेला होताच. इथे त्याला वेग मिळाला. नवं तंत्र काही नव्हतं. म्हणून म्हणतो, आयझॉल हे फळ आहे, झाड मुंबईत लावलेलं होतं.

त्यानंतरची वर्षं चढउतारांची. ईस्ट बंगालमध्ये २०१७-१८ ला चौथा क्रमांक आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून हार. पुढच्या हंगामाच्या मध्यात मोहन बागान, तिथेही फार काळ नाही. कोलकात्यात प्रेक्षकांना गुणांबरोबर खेळाची नजाकतही हवी असते, आणि दर बरोबरीनंतर कोचला जाब विचारला जातो. लहान क्लबात एक गुण मिळवल्याबद्दल पाठ थोपटली जाते, तोच एक गुण कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर पराभवासारखा मोजला जातो. काही कोच दोन्हीकडे जमवून घेतात. जमील यांना ते तेव्हा जमलं नाही.

मग नॉर्थईस्ट युनायटेड. जानेवारी २०२१ मध्ये, करोनामुळे सगळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) गोव्यात बंदिस्त चालू असताना, क्लबने परदेशी कोचला काढलं आणि सहायक असलेल्या जमील यांच्याकडे संघ सोपवला. तोवर अकरा सामन्यांत १२ गुण झाले होते. उरलेल्या नऊ सामन्यांत सहा विजय, तीन बरोबरी, एकही हार नाही. ३३ गुणांसह तिसरा क्रमांक आणि उपांत्य फेरी. खेळाडू तेच होते. आयएसएलमध्ये भारतीय कोचने संघ बाद फेरीत नेण्याची ती पहिली वेळ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना कायम केलं गेलं, आणि आयएसएल क्लबचा पूर्णवेळ मुख्य कोच झालेला पहिला भारतीय अशी नोंद झाली. पुढच्याच हंगामात संघ अकरांत दहावा आला, हेही सांगायला हवं. नऊ सामन्यांत संघ सावरता येतो. पूर्ण हंगाम उभा करायला चांगले खेळाडू हाताशी असावे लागतात.

आयएसएलमधल्याच जमशेदपूर एफसीत ते डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आले. पहिला अर्धा हंगाम नुसत्या डागडुजीचा गेला. २०२४-२५ मध्ये संघ पाचवा आला, बाद फेरीत नॉर्थईस्टला हरवलं, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मोहन बागानला घरच्या मैदानावर २-१ ने हरवलं, आणि परतीच्या सामन्यात भरपाई वेळेतल्या गोलने बाहेर पडला. सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातल्या सर्वोत्तम कोचचा पुरस्कार त्यांना २०२३-२४ आणि २०२४-२५ असा लागोपाठ दोनदा मिळाला. चेंडू स्वतःकडे कमी ठेवणारा संघ लीगच्या वरच्या भागात टिकवणं किती अवघड असतं, हे संघ चालवणाऱ्याला विचार.

या सगळ्यात कागदाचाही भाग आहे, आणि खेळाडू नेमका तोच विसरतात. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशी परवान्यांची चढण आहे. प्रत्येक पायरीच्या मध्ये संघाबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. प्रो परवाना हाती नसेल तर आयएसएलचा मुख्य कोच होता येत नाही, तू भारताकडून कितीही सामने खेळलेला अस. जमील यांच्याकडे तो आहे. जुन्या काळी सूट मिळायची. पश्चिम जर्मनीने १९८४ मध्ये फ्रान्झ बेकेनबाउअर यांना संघ दिला तेव्हा त्यांच्याकडे कोचिंगचा परवाना नव्हता, म्हणून पदाचं नावच वेगळं ठेवलं. १९७४ चा विश्वविजेता कर्णधार १९९० ला विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षकही झाला. ती वाट आता बंद आहे, आणि बंद झाली हे चांगलंच झालं.

देशाकडून खेळायला हवं का, याचं उत्तर आपल्याच इतिहासातून घे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे शाळामास्तर होते, आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हते. १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक त्यांच्या हाताखाली आला. त्यांच्याच संघातले पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार होते. खेळ थांबल्यावर कोलकात्याच्या क्लबांमध्ये कोच म्हणून मोठे झाले आणि राष्ट्रीय संघही त्यांनी सांभाळला. सय्यद नईमुद्दीन १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत ब्राँझ मिळवणाऱ्या संघाचे कर्णधार, नंतर भारताचे कोच. अर्जुन आणि द्रोणाचार्य हे दोन्ही पुरस्कार मिळालेले. बाहेर बघायचं तर अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी देशाकडून फक्त सात सामने खेळले आणि २०२२ चा विश्वचषक जिंकून गेले. उलट बाजूला फ्रान्सचे दिदिए देशाँ, १९९८ चे विश्वविजेते कर्णधार. पण देशाँही थेट फ्रान्सच्या बाकावर जाऊन बसले नाहीत. आधी मोनाको, मग दुसऱ्या श्रेणीत ढकललेला युव्हेंटस वर काढणं, मग मार्सेय, आणि २०१२ मध्ये फ्रान्स. विश्वचषक २०१८ ला. स्कालोनी अपवाद आहेत, त्यांना वरिष्ठ क्लबचा अनुभव नव्हता; अपवादावर स्वतःचं आयुष्य आखू नकोस.

आता राष्ट्रीय संघ. १ ऑगस्ट २०२५ ला महासंघाने जमील यांचं नाव जाहीर केलं. शेवटच्या तिघांत त्यांच्याबरोबर भारताचे माजी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच होते. गोव्याच्या साव्हियो मदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस या जागी आला. मदेरा हेही आधी खेळाडू, मग कोच झालेले. त्यांच्या हाताखाली भारताने डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० ने हरवून दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, आणि काही महिन्यांतच काठमांडूच्या एएफसी चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने हरले. मधली तेरा वर्षं आपण परदेशी कोच आणत राहिलो. त्यात काही चांगलेही होते. पण देशातल्या कोचने कितीही खालून वर यावं, वरचा दरवाजा त्याला बंदच, असा समज पक्का झाला होता. तो समज मोडला याचा माझ्यासारख्या प्रत्येक कोचला मनापासून आनंद झाला.

हाती आलेली परिस्थिती मात्र बिकट होती. आधीचे कोच मानोलो मार्केझ गेल्यावर भारत जागतिक क्रमवारीत १३३ वा. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत शिलाँगला बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१, म्हणजे दोन सामन्यांत एक गुण. त्यात महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा पेच न सुटल्याने आयएसएलचा नवा हंगामच लांबणीवर पडलेला. खेळाडूंना क्लबचे सामने नाहीत, तर अंगात सामन्याचा दम कुठून येणार? राष्ट्रीय कोच तंदुरुस्ती घडवू शकत नाही, त्याला तेवढे दिवसच मिळत नाहीत. एरवीच्या आंतरराष्ट्रीय खिडकीत, म्हणजे क्लबांनी खेळाडू देशाच्या संघाला सोडायच्या ठरलेल्या काळात, साधारण दहा दिवस हाती असतात. पहिले दोन थकलेल्यांना विश्रांती देण्यात जातात, सामन्याच्या आदल्या दिवशी जोर लावता येत नाही, मधे प्रवास. खऱ्या अर्थाने डावपेचांचा सराव तीन-चार वेळा होतो. एवढ्यात आक्रमणाची गुंतागुंतीची घडी बसत नाही. बचावाची ओळ आणि सेट-पीस मात्र बसतात. म्हणजे लहान क्लबात कमी साधनांवर शिकलेलं नेमकं इथे कामी येतं.

ऑगस्टच्या मध्यावर बंगळुरूला शिबिर सुरू झालं. मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, कारण मध्य आशियाई महासंघाचा काफा नेशन्स कप फिफाच्या खिडकीत नव्हता. सुनील छेत्रीला त्या स्पर्धेसाठी जमील यांनीच घेतलं नाही. २९ ऑगस्टला ताजिकिस्तानमधल्या हिसोरला यजमानांविरुद्ध पहिला सामना. पाचव्याच मिनिटाला महंमद उवैसचा लांब थ्रो आणि अन्वर अलीचा हेडर. थोड्या वेळाने पुन्हा सेट-पीसवरच संदेश झिंगनचा गोल. नंतर गुरप्रीत सिंग संधूने पेनल्टी अडवली आणि भारत २-१ ने जिंकला. उवैस जमशेदपूरमध्ये जमील यांच्याच हाताखाली खेळलेला, आणि त्या दिवशी भारताकडून पदार्पण करत होता. आता तुला कळेल मी क्लबातल्या वर्षांवर एवढा जोर का देतोय. दोन आठवड्यांच्या शिबिरात थ्रो-इनची योजना नव्याने शिकवणं शक्य नसतं. ती आधीपासून अंगात असलेला खेळाडू जमील यांनी उचलला.

इराणकडून ०-३ हार झाली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अफगाणिस्तानशी ०-०, ही बरोबरी मला खटकली. मग तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध पिछाडीवरून उदांता सिंगच्या गोलने १-१, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२. महिनाभरापूर्वी कोणीही हा निकाल गृहीत धरला नसता.

ऑक्टोबरमध्ये खरी परीक्षा होती. ९ तारखेला सिंगापूरमध्ये दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच झिंगनला लाल कार्ड, भारत एका गोलने मागे आणि दहा खेळाडू. नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. तो एक गुण म्हणजे मुंबई एफसीच्या शाळेतला गुण. पण १४ तारखेला मडगावला फातोर्ड्यात जिंकायलाच हवं होतं. लालियानझुआला छांगतेने दुरून सुंदर गोल करून आघाडी दिली. मध्यंतराच्या तोंडावर साँग उई-योंगने बरोबरी केली, आणि दुसऱ्या सत्रात त्यानेच दुसरा गोल केला. १-२. आशियाई चषकाचा रस्ता तिथे बंद झाला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१; त्यांच्याविरुद्धची २००३ नंतरची पहिली हार.

माझं मत स्पष्ट आहे. फातोर्ड्यात भारत हरला तो धडपड कमी पडली म्हणून नाही. मागे बसलेल्या संघाला उघडायचं कसं, मधल्या फळीतून दोन-तीन पासांत पेटीत कसं शिरायचं, याचं उत्तर संघाकडे नव्हतं. हे उत्तर जमील यांना त्यांच्या क्लबांत कधी फार शोधावं लागलं नव्हतं, कारण तिथे समोरचाच संघ पुढे यायचा. राष्ट्रीय संघात मात्र घरच्या मैदानावर, आपल्या तोडीच्या किंवा थोड्या कमी संघाविरुद्ध, खेळ आपणच करायचा असतो. ही त्यांच्या पद्धतीतली उणीव आहे आणि ती भरून काढायची जबाबदारी त्यांची आहे. त्याच वेळी, तेव्हा लीग थांबलेली होती, शिबिराला खेळाडू उशिरा येत होते, आणि नऊ नंबरच्या जागेवर क्लबांतून गेली दहा वर्षं परदेशी खेळाडू उभे. यात गोल करणारा भारतीय स्ट्रायकर तयार होणार तरी कुठे? चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीला निवृत्तीतून परत यावं लागलं, यातच सगळं आलं. कोच बदलून हे बदलणार नाही. भारतीय कोच पडला म्हणून पुन्हा तेरा वर्षं भारतीय नको, असं झालं तर मात्र फार मोठं नुकसान होईल.

आता तुझं काय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मिडफिल्डरने दोन हंगाम थांबून मग कोचिंगचा विचार करू नये. विफाचे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे) डी परवान्याचे कोर्स महाराष्ट्रात होतात, जो आधी मिळेल त्यात नाव घाल. इंग्रजीची भीती असेल तर सोड. कोर्सला मराठी-हिंदीत समजावणारे भेटतात, पण पुढच्या पायऱ्यांसाठी सराव-आराखडा इंग्रजीत लिहायची सवय हळूहळू कर. खेळायचं असेल तर खेळ, डॉक्टर हो म्हणत असतील तर. डी साठी खेळणं सोडावं लागत नाही.

तालमीच्या वरिष्ठ संघाचा सहायक हो असं कोणी म्हणालं तर आनंदाने हो, पण तेवढ्यावर थांबू नकोस. तेरा वर्षांखालच्या पोरांचा एक संघ पूर्णपणे तुझा असू दे. निवड तुझी, सराव तुझा, हरल्यावर पालकांना उत्तर देणं तुझं. वरिष्ठ संघात कोचने सांगितलेलं खेळाडू स्वतःच्या अनुभवाने दुरुस्त करून घेतात, त्यामुळे तुझं सांगणं चुकलं ते तुला कळत नाही. तेरा वर्षांची पोरं तू सांगशील तसंच करतात. तू बचावाची ओळ चुकीची समजावलीस तर ती तशीच चुकीची उभी राहते आणि तुला ती सगळ्यांसमोर दिसते.

प्रत्येक सरावाआधी काय करायचं ते लिही आणि नंतर काय झालं ते लिही. सामना बघताना चेंडूकडे बघायची खेळाडूची सवय मोड. एक संपूर्ण सत्र फक्त चार बचावपटूंकडे बघ, पुढचं फक्त दोन मधल्यांकडे. जमील यांच्या जमशेदपूरच्या २०२४-२५ च्या सामन्यांचे व्हिडिओ मिळाले तर त्यांच्या विरोधी संघाकडे चेंडू असतानाचेच तुकडे बघ, आणि दर वेळी थांबवून दोन ओळींतलं अंतर कागदावर काढ. हे कंटाळवाणं आहे, आणि महिनाभर टिकलं तर पुढचं बोलू.

सी ची वेळ येईल तेव्हा कोल्हापूर सोडावं लागेल का, असं तू शेवटी विचारलं आहेस. सी पर्यंत नाही. बी नंतर बहुधा हो, कारण त्या पातळीचा पगारी संघ आज तुझ्या शहरात नाही. जमील यांना तर थेट आयझॉल गाठावं लागलं. घरच्यांशी तेवढं आत्ताच बोलून ठेव.